मधलं कुलूप

डिसेंबरात सोलापूरच्या नवी पेठेत सहाच्या आतच दिवे लागतात. दुकानं मात्र नऊपर्यंत उघडी असतात. लग्नसराई, थंडीचे कपडे आणि पुढे संक्रांतीची खरेदी यांमुळे त्या तीन तासांत गल्ल्याला उसंत नसते. नऊच्या सुमारास मी मामांच्या दुकानात जाऊन बसतो. मामा म्हणजे सगळ्यांचे मामा. चादरी, टॉवेल, साड्या विकण्यात त्यांची चाळीसेक वर्षं गेली.

त्यांचं दुकान बंद करणं बघण्यासारखं असतं. आधी बाहेरचे पुतळे आत येतात. मग गल्ल्याला उदबत्ती, शटर खाली, डावं कुलूप, उजवं कुलूप. दोन्ही तीन-तीन वेळा ओढून बघायची, हात कपाळाला लावायचा, दहा पावलं चालायचं आणि परत येऊन उजवं पुन्हा एकदा ओढायचं.

त्या दिवशी त्यांची सख्खी भाची आली होती. ती विमा कंपन्यांसाठी नुकसानीचा सर्व्हे करते. बार्शी, मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, जिथे दुकान जळतं किंवा फुटतं तिथे पोलिसांच्या पंचनाम्यानंतर हिची वही उघडते. मामा कुलूप ओढत होते आणि ती हाताची घडी घालून बघत होती. पुढचं संभाषण आधी फुटपाथवर आणि मग कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर झालं.

भाची : मामा, दोन्ही कुलपं कडेला. मध्ये काय?

मामा : मध्ये पत्रा. आणखी काय असतंय?

भाची : चोर मध्येच बसतो. पेपरात रोज वाचता ना, "शटर उचकटून"? ते कडेने उचकटत नाहीत. मधोमध खाली पहार घालायची नाहीतर गाडीचा जॅक लावायचा. पत्रा कमानीसारखा वर येतो. एक किडकिडीत पोरगं सरपटत आत गेलं की झालं. सकाळी मालक येतो तेव्हा त्याची दोन्ही कुलपं शाबूत असतात. मी तर असे मालक पाहिलेत, की आधी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडतात आणि मग रडतात.

मामा : चाळीस वर्षांत माझ्या शटरला कुणी बोट लावलं नाही.

भाची : हे वाक्य मला प्रत्येक दाव्यात ऐकायला मिळतं.

मामा : बरं, मध्ये कुलूप लावलं. मग चोर परत जाणार?

भाची : नाही. कुठलंच कुलूप चोराला थांबवत नाही. ते त्याचा वेळ खातं. मधोमध फरशीत बोल्ट गाडून तिथं कुलूप घातलं, तर दोन मिनिटांचं काम दहा मिनिटांचं होतं आणि आवाजही होतो. कुलपाची कडी बाहेर दिसणारी नको, झाकलेली हवी, म्हणजे कटर बसत नाही. तेवढीच आणखी चार मिनिटं. आपण पैसे मोजतो ते या मिनिटांचे.

मामा : आणि त्या दहा मिनिटांत कोण येणार?

भाची जरा थांबली. मामांना आपण काही विशेष बोलल्याची जाणीव नव्हती. ते चहावाल्याला "कमी साखर" असं सांगत होते. पण सगळी चर्चा त्यांच्या त्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली.

मामा : पूर्वी कोणीतरी यायचं की. तू लहान होतीस. मिल चालू होत्या. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. तीन पाळ्या. भोंगा वाजला की रात्री बाराला माणसांचा लोंढा रस्त्यावर, पहाटे पुन्हा लोंढा. चहाची दुकानं रात्रभर. चोराला रात्र सापडायचीच नाही. आता अकरानंतर दत्त चौकापासून इथपर्यंत चालत ये, एखादं कुत्रं भेटलं तर भेटलं.

भाची : मिल काय चोरांसाठी चालत नव्हत्या.

मामा : नव्हत्या. पण राखण फुकटात होत होती. आणि उन्हाळा बघ. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर पारा. सगळं सोलापूर गच्चीवर झोपायचं. कुणी पाणी प्यायला उठतंय, कुणाचं पोर रडतंय, कुणाला झोप येत नाही म्हणून कठड्याला टेकून उभा. वरून शंभर डोळे. थंडी पडली की तीच माणसं खिडक्या लावून, डोक्यावरून चादर ओढून गप. आणि ती चादर मीच विकलेली! आमच्या चादरीत झोप फार छान लागते, हा आमचा गुन्हा.

मामा स्वतःच्या विनोदावर हसले. पण हिवाळ्यातल्या चोऱ्यांची इतकी नेमकी मांडणी मी दुसरीकडे ऐकलेली नाही. अमेरिकेच्या जेन जेकब्सबाईंनी 1961 साली शहरांवरच्या आपल्या पुस्तकात हेच सांगितलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्याकडे लागलेल्या डोळ्यांमुळे. मामांनी बाईंचं नावही ऐकलेलं नाही. त्यांना गच्ची ठाऊक आहे.

जुनी मिल 1877 ची. शहराच्या रात्री तिने आणि तिच्यामागून आलेल्या मिलनी जाग्या ठेवल्या. त्या बंद पडल्या तेव्हा बेकारीवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते योग्यच होतं. रात्र ओस पडली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

भाची : मामा, तुमची गच्ची मला मान्य. पण आकडा बघा. डिसेंबरात इथली रात्र जवळजवळ तेरा तासांची असते, जूनमध्ये अकराच्या आत. म्हणजे रोज दोन तास जास्त अंधार. जानेवारीत उजाडायला सात वाजतात. पहाटे पाचला उन्हाळ्यात फिरायला जाणारे, दूधवाले, पेपरवाले सगळे असतात. थंडीत पाच म्हणजे अजून मध्यरात्रच. त्यात मफलर आणि कानटोपी. उन्हाळ्यात तोंड बांधून कोणी पहाटे फिरलं तर तुम्ही दोनदा बघाल. थंडीत सगळेच तोंड बांधून फिरतात.

मामा : म्हणून कायद्यातसुद्धा रात्र वेगळी धरलीय म्हणतात.

भाची : धरलीय. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी केलेली घरफोडी. जुन्या दंड संहितेत कलम 457 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथं ते 331 मध्ये गेलं. चोरीच्या हेतूने असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. कायद्याने घड्याळ बघितलेलं नाही, सूर्य बघितलाय. डिसेंबरात तुम्ही रात्री नऊपर्यंत गल्ला मोजत बसता, ते तीन तास कायद्याच्या लेखी रात्रच.

मामा : मग काय, सहाला बंद करू? बायकापोरं सहानंतर बाहेर पडतात खरेदीला.

भाची : बंद करू नका. दारात बसून, सगळ्या रस्त्याला दिसेल असे नोटा मोजू नका. आत मोजा, वेळ बदलत राहा, एकाच पोराच्या हाती रोज त्याच वाटेने पिशवी पाठवू नका.

मामा : आता नोटा तरी कुठं उरल्यात? निम्मं गिऱ्हाईक मोबाइल दाखवतंय.

भाची : चांगलंय की. मग रात्री गल्ला रिकामा करा आणि उघडाच ठेवा. बंद गल्ला फोडताना चोर टेबलही फोडतो. उघडा दिसला की तिथला वेळ तरी वाचतो.

मामा : चोराच्या वेळेची काळजी तुला फार.

चहा आला. समोरच्या फुटपाथवर स्वेटर आणि कानटोप्या विकणारे अजून बसले होते. दर थंडीत ते येतात. कुठले तिबेटी, कुठले नेपाळी, कुठले उत्तरेकडचे. मामांनी तिकडे हनुवटीने खूण केली.

मामा : ही बघ, ही बाहेरची माणसं. दिवसभर बसून बघत असतात, कुठल्या दुकानात किती माल उतरला. संशय येतो की नाही?

भाची : मला उलटं दिसतं. रात्री दहापर्यंत या रस्त्यावर कोण थांबलंय? तुम्ही नाही, मी नाही. हेच थांबलेत. तुम्ही आत्ताच म्हणालात ना, मिलचा लोंढा गेला? मग हे उरलेले डोळे आहेत. त्यांच्याशी नीट बोला, नाव विचारा, कधी चहा पाजा. तुमच्या शटरपाशी कोणी घुटमळलं तर पहिला फोन तेच करतील.

मामा : तू पुस्तकातलं बोलतेस.

भाची : पुस्तकातलं नाही, सोलापुरातलं. सेटलमेंट कुठंय, माहीत आहे ना?

मामा गप्प झाले. सोलापुरात हा शब्द नुसता उच्चारला तरी पुरतो. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली इंग्रजांनी माणसांच्या अख्ख्या जातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना वसाहतींत कोंडलं. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. भोवती तारेचं कुंपण, आत हजेरी, बाहेर पडायला परवाना. शहराने निर्धास्त झोपावं म्हणून कुणाच्या तरी बापाने रात्री हजेरी द्यायची. देश स्वतंत्र झाला तरी ही माणसं सुटायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. कुंपण गेलं, वस्तीचं नाव मात्र सेटलमेंटच राहिलं.

भाची : अख्ख्या जातीला कुंपणात घातलं, तेव्हा काय चोऱ्या थांबल्या? मी आतापर्यंत जेवढे दावे बघितलेत, त्यात पुष्कळदा एक गोष्ट कळते. चोराला आतली मांडणी माहीत होती. भारी माल कुठल्या कपाटात, मागचा पत्रा कुठं कुजलाय, संडासाच्या खिडकीचा गज हलतो की नाही. ही माहिती फुटपाथवरून दिसत नाही. मागच्या दिवाळीत काम सोडून गेलेल्या पोराकडे तुमची किल्ली होती. परत घेतली?

मामा : घेतली.

भाची : कुलूप बदललं?

मामा : किल्ली घेतली म्हटल्यावर कुलूप कशाला बदलायचं?

भाची : डुप्लिकेट करायला बाजारात पाच मिनिटं लागतात. मी त्या पोराला चोर म्हणत नाही. किल्ली कुठंकुठं फिरली, ते तुम्हाला माहीत नाही, एवढंच म्हणते.

मामा : बघ, तू आणि मी एकच करतोय. मला परक्यांचा संशय, तुला घरच्यांचा.

हा टोला भाचीला लागला. तिने बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं आणि ती चमच्याने काढत बसली.

मामा : राखण माणसानेच होते, बाई. आपल्याकडे गावाला जागल्या असायचा, रामोशी असायचा. चोरी झाली की तो माग काढायचा. पावलं शेजारच्या गावच्या शिवेत गेली तर तिथल्या जागल्याने पुढचा माग काढायचा. आणि माग नाहीच लागला तर ज्याच्या हद्दीत तो हरवला त्याने भरपाई द्यायची. आहे आता असं कुठं?

भाची : मामा, हा तर विमाच झाला! गावाने दरवर्षी बलुतं द्यायचं, ते प्रीमियम. चोरी झाली तर रामोशाने भरून द्यायचं, तो क्लेम. आणि त्याच रामोशांवर इंग्रज सरकारने पुढे संशयाचा शिक्का मारला.

मामा : मग तू मला आता विमा विकणार.

भाची : विकत नाही, मी फक्त सर्व्हे करते. पण तुमची पॉलिसी दाखवा बघू.

मामांनी मोबाइलमध्ये फोटो शोधला. बँकेने कॅश क्रेडिट देताना काढायला लावलेली पॉलिसी होती. तिच्यावर नाव होतं, "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा".

भाची : ही आगीची आहे. 1 एप्रिल 2021 पासून पाच कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या धंद्यांसाठी हे ठरावीक नमुन्याचं कागदपत्र आलं. आग, पूर, वादळ, दंगल. घरफोडी त्यात नाही. आग वगैरे झाल्यावर सात दिवसांत लोकांनी माल पळवला तर तेवढं धरतात. नुसतं शटर उचकटून माल गेला तर एक रुपया मिळणार नाही. घरफोडीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते.

मामा : दहा वर्षं पैसे भरतोय मी!

भाची : आगीसाठी भरताय. आणि आता हिवाळ्याची खरी गोम ऐका. समजा तुम्ही घरफोडीची पॉलिसी घेतली, वीस लाखांची. उन्हाळ्यात तुमच्याकडे माल किती असतो? वीसच. लग्नसराईत आणि थंडीत किती?

मामा : दुप्पट. वर माळ्यावरसुद्धा गठ्ठे.

भाची : म्हणजे चाळीस लाखांचा माल आणि वीस लाखांचा विमा. आता चोराने सहा लाखांचा माल नेला. तुम्हाला किती मिळतील?

मामा : सहा. वीसच्या आत आहे की.

भाची : तीन. तुम्ही निम्म्या मालाचा विमा काढलाय, म्हणून नुकसानही निम्मंच भरतात. याला आम्ही सरासरीचा नियम म्हणतो. दावा देताना दुकानदार माझ्या अंगावर येतात ते इथंच. विम्याची रक्कम ठरवताना वर्षातला सगळ्यात भरलेला दिवस बघायचा असतो, सगळ्यात रिकामा नाही. आणि मालाची नोंद हवी. "होता, खूप होता" यावर दावा चालत नाही. शेजारच्या मोबाइलवाल्याला सांगा, प्रत्येक हँडसेटचा आयएमईआय नंबर दुकानाबाहेर कुठंतरी लिहून ठेव म्हणून. 2023 पासून संचार साथीवर चोरीचा हँडसेट देशभर बंद करता येतो, पण नंबर माहीत असेल तर. वही दुकानात आणि दुकान फुटलं, तर नंबर सांगणार कुठून?

मी मध्ये पडून कॅमेऱ्याचं काय, असं विचारलं. मामांच्या दुकानात कॅमेरा आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाने बसवला.

मामा : लाल दिवा लुकलुकतोय त्याचा. चोराला तेवढं पुरे.

भाची : चोराला माहीत असतं की रेकॉर्डिंगचा डबा गल्ल्याच्या खालीच असतो. तो जाताना तोच उचलून नेतो. म्हणजे चोरीचा पुरावा चोराच्या घरी. डबा माळ्यावर, कपाटात, कुलपात ठेवा, नाहीतर रेकॉर्डिंग थेट इंटरनेटवर जाऊ द्या. वीज घालवली तर चालावा म्हणून बॅटरी लावा. आणि कॅमेरा छताला लावून काय मिळतं? टोपीचा शेंडा. दारात, माणसाच्या तोंडाच्या उंचीला एक लावा. थंडीत भिंगासमोर कोळी जाळं विणतो, त्याला रात्रीचा तो न दिसणारा उजेड आवडतो की काय कोण जाणे. सकाळी चित्रात नुसतं पांढरं. महिन्यातून एकदा फडकं मारा आणि घड्याळ बरोबर आहे का बघा. तुमच्या कॅमेऱ्यात आत्ता किती वाजलेत?

मामांनी मोबाइलवर बघितलं. दुपारचे सव्वातीन.

मामा : तरी सांगतो, कॅमेरा चोर दाखवतो, पकडत नाही.

भाची : सायरन लावा.

मामा : लावला होता एकाने आमच्या ओळीत. पालीमुळे वाजायचा, उंदरामुळे वाजायचा. चौथ्या रात्रीपासून कोणी उठेना. लांडगा आला रे आला.

हे म्हणणं भाचीने मुकाट्याने मान्य केलं. मामांना चेव चढला.

मामा : म्हणून म्हणतो, माणूस पाहिजे. 1930 साल आठव. मेमध्ये गोळीबार झाला, पोलीस शहरातून निघून गेले. 9, 10, 11 मे. तीन दिवस सोलापूरचा कारभार काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी चालवला. मग 12 तारखेला मार्शल लॉ आला. आमचे आजोबा सांगायचे, त्या तीन रात्री पेठांमधून आपलीच पोरं गस्त घालत होती आणि एका दुकानाला धक्का लागला नाही.

भाची : आजोबांचं खरं असेल. पण तो मे महिना होता, मामा. तुम्हीच म्हणालात, सगळं गाव गच्चीवर. आणि रात्री होत्या तीन. हिवाळ्याच्या नव्वद रात्री कानटोपी घालून गस्त घालायला किती स्वयंसेवक येतील तुमच्या ओळीतले?

मामा : पहिल्या रात्री सगळे. तिसऱ्या रात्री मी आणि चहावाला.

चहावाल्याने "मी पण नाही, मामा" असं स्पष्ट केलं.

यात्रेचा विषय निघणारच होता. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. त्या संध्याकाळी अख्खं शहर एका बाजूला लोटतं आणि पेठा लवकर मिटतात. त्या गर्दीत रस्त्यावर घण मारला तरी लोकांना फटाकाच वाटेल.

मामा : त्याची सोय माझ्याकडे आहे. यात्रेच्या त्या रात्री कामाचा पोरगा दुकानातच झोपतो. अंथरूण-पांघरुणाला काय तोटा? आत तो, बाहेरून मी कुलूप लावतो. आत माणूस असल्यावर चोर येईल?

भाची : बाहेरून?

मामा : मग? त्याच्याकडे किल्ली कशाला? तूच म्हणालीस, किल्ल्या फिरवू नका.

भाचीने कप खाली ठेवला. तिचा आवाज इतका वेळ खेळकर होता, तो एकदम उतरला.

भाची : मामा, 18 मे 2025. अक्कलकोट रोड एमआयडीसी. टॉवेलचा कारखाना. पहाटे आग लागली. मालकाच्या घरातली आणि कामगाराच्या घरातली मिळून आठ माणसं गेली. त्यांत एक वर्षाचं पोर होतं.

मामा : माहीत आहे. मालक ओळखीचे होते.

भाची : त्या आगीबद्दल मी काही बोलत नाही. माझं म्हणणं तुमच्या दुकानाबद्दल आहे. आत काय आहे? कापूस, टेरी, पॉलिस्टर, माळ्यापर्यंत गठ्ठे. मागे दार नाही. पुढे पत्र्याचं शटर, त्याला बाहेरून दोन कुलपं आणि किल्ली तुमच्या उशाखाली, दोन किलोमीटरवर. थंडी म्हणून पोराने आत हीटर लावला, डासांची कॉइल लावली, नाहीतर जुनी वायर तापली, तर धुराने त्याला पाच मिनिटंही मिळणार नाहीत. मघाशी चोराची मिनिटं मोजत होतो ना आपण? आता त्या पोराची मोजा.

मामा काही बोलले नाहीत. आत्तापर्यंत मी दोघांच्या मधल्या बाकावर होतो आणि तिथेच राहायची इच्छा होती. पण या एका मुद्द्यावर दुसरी बाजूच नाही. आत माणूस असेल तर कुलूप आतून, त्याच्या हाताने, किल्लीशिवाय उघडणारं असलं पाहिजे. ते जमत नसेल तर आत माणूस ठेवू नये. चार लाखांचा माल गेला तर धंदा पुन्हा उभा राहतो. हे मामांना कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं चालत आलेली सोय कोणी मोठ्याने बोलून दाखवली नव्हती, इतकंच.

तेवढ्यात रात्रीचा राखणदार आला. हातात काठी, गळ्यात शिट्टी, अंगात दोन स्वेटर. त्याने आमच्यापासून चार हातांवर, एका बंद शटरला लागूनच, पुठ्ठे आणि कागद गोळा करून शेकोटी पेटवायला घेतली. भाची उठलीच.

भाची : दादा, शटरला लागून नको. आत कापड आहे. ठिणगी फटीतून जाते.

राखणदार : मग कुठं, ताई? रस्त्यात पेटवली तर गाडीवाले ओरडतात. रात्रभर उभं राहायचंय.

मामा : तुला मागच्या वर्षी चादर दिली होती की.

राखणदार : चादर पांघरली की झोप लागते, मामा.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे.

भाची : दादा, रात्री दोनला एखादं शटर वाजलं तर तुम्ही काय करता?

राखणदार : शिट्टी वाजवतो.

भाची : आणि?

राखणदार : चार जण असले तर लांबूनच वाजवतो. मी एकटा. महिन्याला दुकानामागे देतात ते पैसे, तेही निम्मी दुकानं देतात. बाकीची म्हणतात, तू राखतोसच की, आमचं पण राखलं जातंय.

भाची : फोन आहे? 112 माहीत आहे?

राखणदार : फोन आहे. रिचार्ज संपलाय.

मामा एकदम चिडले, राखणदारावर नाही, आपल्याच ओळीवर. कोण पैसे देत नाही याची यादी त्यांनी तिथेच नावानिशी म्हणून दाखवली. ती इथे देत नाही. भाची हळूच म्हणाली, "मामा, तुमच्या दहा मिनिटांत येणारा माणूस हा. आणि त्याच्या फोनमध्ये पैसे नाहीत."

मग बोलणं भराभर झालं. मधल्या कुलपाचं मामांनी कबूल केलं. कॅमेऱ्याचा डबा माळ्यावर जाईल आणि घड्याळ मुलगा लावेल. राखणदाराचं रिचार्ज ओळीच्या वर्गणीतून होईल आणि फौजदार चावडी पोलीस ठाण्याचा नंबर व 112 त्याच्या फोनमध्ये भरून देणार, तेही मोठ्या अक्षरात, कारण त्याला जवळचं नीट दिसत नाही. शेकोटीसाठी चौकातली मोकळी जागा आणि पत्र्याचं जुनं घमेलं. यात्रेत पोरगा आत झोपणार नाही. तो नंदीध्वज बघायला जाईल. दरवर्षी त्याला जायचंच असतं.

भाचीची शेवटची सूचना जाळीच्या शटरची होती. तिचं म्हणणं असं, की सबंध पत्र्याचं शटर चोराला बाहेर असेपर्यंतच त्रास देतं. तो आत शिरला की तेच शटर त्याला पडद्यासारखं झाकतं. मग सकाळपर्यंत त्याला कोणी बघत नाही. शटरचा वरचा भाग जाळीचा असावा, आत एक दिवा रात्रभर जळावा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला, राखणदाराला, स्वेटरवाल्याला आत हललेलं दिसेल. मामांना हा विचार काही केल्या पचेना. दुकान बंद केल्यावर आतलं दिसणं म्हणजे त्यांना उघड्यावर झोपल्यासारखं वाटतं. गच्चीवर झोपायचा तेव्हा कसं वाटायचं, असं भाचीने विचारलं. ते वेगळं, मामा म्हणाले.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला. फरशीला भोक पाडून त्याने बोल्ट गाडला. मामांना आता तीन कुलपं ओढून बघावी लागतात, त्यामुळे घरी जायला थोडा उशीर होतो. घरफोडीची पॉलिसी चाळीस लाखांची काढली. जाळीच्या शटरचं मात्र अजून त्यांनी ऐकलेलं नाही. धूळ येते म्हणतात.